धावणाऱ्या पोरांना वाट दाखवा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आज मला तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या नववी-दहावीच्या पोरांविषयी बोलायचं आहे. शिकलेला दादा, शिकलेली ताई म्हणून ती यापुढे तुम्हालाच विचारणार आहेत.

पहाटे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीबाहेरच्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. जवान होणं हा मोठा मान आहे. पण बारावीत असतानाच एनडीएची परीक्षा देऊन सैन्यात अधिकारी होता येतं, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजेच एनडीएचं, उद्घाटन 1955च्या जानेवारीत झालं. ती आपल्याच राज्यात आहे. तिथे पोचण्याइतका दम आपल्या पोरांत आहे. कमी पडतो तो वेळेवर सांगणारा माणूस.

वेळेवर म्हणजे दहावीच्या आधी. लेखी परीक्षा 900 गुणांची, त्यात गणित 300 आणि इंग्रजी 200. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवंच. म्हणून अकरावीला शाखा निवडतानाच हे माहीत असावं लागतं. देऊळगाव राजा, जालना ओलांडलं की छत्रपती संभाजीनगर. तिथे 1977 पासून राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था याच परीक्षेसाठी मुलांना तयार करते. तिथला प्रवेशही दहावीच्या टप्प्यावरच होतो. ती तारीख हुकली, तर पोराच्या हाती फक्त हळहळ राहते.

मुलींनाही हे सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या आदेशाने त्यांना ही परीक्षा खुली झाली आणि 30 मे 2025 रोजी 17 मुली प्रबोधिनीतून पहिल्यांदा उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. मुलींसाठी नाशिकलाही राज्य शासनाची पूर्वशिक्षण संस्था आहे. जिजाऊंचं सिंदखेड राजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या मुलीने गणवेशाची इच्छा बोलून दाखवली, तर घरात पहिला आवाज तिच्या बाजूने तुमचा उठला पाहिजे.

आई मात्र 'नको' म्हणेल. तिला भित्री म्हणू नका. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवाम्यात मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड हे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान शहीद झाले. गणवेशाची किंमत या जिल्ह्याला माहीत आहे. तिच्याजवळ बसा, तिचं पूर्ण ऐकून घ्या आणि लेकरालाही ऐकू द्या. धोका समजून घेऊनही ज्याचं मन ठाम राहतं, त्यानेच या वाटेने जावं. वडिलांची हौस किंवा गावातली प्रतिष्ठा म्हणून कुणाला तिकडे ढकलू नका. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळासमोरच्या पाच दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामं आणि मुलाखत होते. उसनी इच्छा तिथे टिकत नाही.

आणि निवड झाली नाही तर? बहुतेकांची होत नाही. त्या दिवशी घरात त्याच्या नापासपणाची चर्चा नको. गणित, इंग्रजी, व्यायाम, चारचौघांत नीट बोलणं, यातलं काहीच वाया जात नाही. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा म्हणजे सीडीएसची परीक्षा आहे, एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्रधारकांसाठी स्वतंत्र प्रवेश आहे. तुमच्यापैकी ज्यांचं वय आणि मन दोन्ही तयार आहे, त्यांनी या वाटा स्वतःसाठीही तपासून पाहाव्यात.

माझं एकच मागणं आहे. प्रत्येकाने गावातलं एक लेकरू निवडा. त्याला काय व्हायचं आहे, ते आधी विचारा. सैन्यात जायचं म्हणालं, तर त्याला आठवड्यातून दोनदा गणित शिकवा, त्याच्याशी इंग्रजीत बोला, एनडीए परीक्षेची केंद्रीय लोकसेवा आयोगाची जाहिरात वर्षातून दोनदा निघते ती त्याच्यापर्यंत पोचवा आणि अर्ज भरताना शेजारी बसा. धावणं त्याचं तो करेल. तुमच्या पदवीचा पहिला उपयोग त्या लेकरासाठी होऊ द्या.