पहाटेची भोवळ आणि स्वादुपिंडातील गाठ
(आंबवडे, ता. भोर येथील व्याख्यान)



पहाटे उपाशीपोटी घरातील एखादी बाई असंबद्ध बोलू लागते. दरदरून घाम, थरथर, कधी फिट. चहा-साखर पोटात गेली की थोड्या वेळात ती सावरते. झाले ते तिला आठवतही नाही. असे वारंवार घडले की लोक म्हणतात, "बाहेरचं झालंय." मग देवऋषी, अंगारा, लिंबू! कुणाला वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या दिल्या जातात.

यामागे क्वचित स्वादुपिंडातील बोराएवढी गाठ असते. जठरामागील या ग्रंथीतील पेशींचे पुंजके पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली दाखवून दिले. त्यांतूनच इन्सुलिन रक्तात मिसळते. मधुमेहात ते कमी पडते. 'इन्सुलिनोमा' या गाठीतून मात्र ते गरज नसतानाही पाझरते. रक्तातील साखर घसरते आणि मेंदूची उपासमार होते.

हा रोग दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांनाच होतो. परंतु दहांपैकी सुमारे नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात. टोरांटोचे डॉ. रॉस्को ग्रॅहम यांनी १९२९ साली अशी गाठ काढून रोगी बरा केला. या कुळातील साऱ्याच गाठी सौम्य नसतात, हेही खरे. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपला 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' जाहीर केला. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. म्हणून निदान लवकर हवे.

डॉ. व्हिपल यांनी तीन खुणा सांगितल्या: उपाशीपोटी त्रास, त्याच वेळी रक्तातील साखर कमी, आणि साखर दिल्यावर आराम. दुसरी खूण ओळखायला रक्ताचा एक थेंब पुरतो. पण तो झटक्याच्या वेळीच तपासावा लागतो. नंतरची तपासणी निर्दोष येऊ शकते. पुढची, ७२ तासांपर्यंतच्या उपवासाची चाचणी रुग्णालयातच होते. घरी करू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर मात्र बहुधा औषधानेच उतरते.

शुद्धीवर असेल त्याला साखर-पाणी द्या. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, गावात असा प्रसंग आला तर एकच प्रश्न विचारा: "साखर तपासली का?" या प्रश्नाने एखाद्या माउलीचे आयुष्य वाचेल.