पेव आणि बीजपेढी

सांगलीजवळील हरिपूर गांवीं जमिनींत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षें टिकविली जात आली. पेवाचें तोंड लिंपलें, म्हणजे आंत हवा व ओल शिरत नाहीं. कीडही जगत नाहीं. परंतु २००५ च्या महापुराचें पाणी पेवांत शिरलें आणि मोठा साठा नासून गेला.

बीजपेढीचें तत्त्व पेवाहून फारसें निराळें नाहीं. बीज सुकवून, त्यांतील ओलावा शेंकडा ३ ते ७ वर आणून, तें हवाबंद पाकिटांत उणे १८ अंशांच्या थंडींत ठेवितात. दिल्ली येथें १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था हें कार्य करते. ठराविक कालानें बीज रुजवून पाहतात. उगवण घटल्यास पुन्हा पेरून ताजें बीज घेतात.

माण, खटाव, जत येथील अवर्षणी रानांतील शाळूचे जुने वाण असे राखतां येतात. उत्पन्न कमी म्हणून आज मागें पडलेल्या वाणांतच उद्यां दुष्काळास तोंड देणारा गुण सांपडूं शकतो. हळदीचें मात्र तसें नाहीं. ती कंदानें लावितात, आणि गोठलेला कंद मरतो. म्हणून तिचे वाण दरवर्षीं शेतांत लावून किंवा प्रयोगशाळेंतील काचनळींत वाढवून जिवंत ठेवावे लागतात.

पुराचा धडा मात्र दोहोंस सारखाच लागू आहे : सर्व संचय एके ठिकाणीं नसावा. सीरियांतील युद्धामुळें अलेप्पोजवळची बीजपेढी हातची गेली, तेव्हां २०१५ साली उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड येथें ठेवलेलें तिचेंच बीज परत आणून पेरतां आलें.