हॉस्टेलची खोली आणि खोलीतली मैत्रीण

 

बारावीचा निकाल लागला की आमच्या गटांच्या बैठकीत हप्त्याच्या आधी मुलींच्या कॉलेजचा विषय निघतो. कुणाची मुलगी फार्मसीला निघालेली असते, कुणाची इंजिनिअरिंगला, कुणाची बी.एस्सी. होऊन पुढं विद्यापीठात. २०२४-२५ पासून सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा आरक्षणातल्या आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगली गोष्ट झाली. पण या माफीत राहण्या-जेवणाचा खर्च धरलेला नाही. त्यामुळं घरात आता प्रश्न येतो तो असा, "पोरगी राहणार कुठं, आणि कुणाबरोबर?" याचं उत्तर वेळेत मिळालं नाही म्हणून कॉलेजला नंबर लागूनही घरी बसलेल्या मुली आम्ही पाहिल्यात. म्हणून आज हॉस्टेलबद्दल बोलू.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्या. कॉलेजचा प्रवेश वेगळा, हॉस्टेलचा प्रवेश वेगळा आणि खोली मिळणं ही तिसरी गोष्ट. कॉलेजात नाव लागलं म्हणजे हॉस्टेलात कॉट मिळाली असं होत नाही. बहुतेक ठिकाणी हॉस्टेलचा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो, आणि तो दरवर्षी नव्यानं भरावा लागतो. गेल्या वर्षी जागा होती म्हणून यंदाही राहील, असं धरून चालू नका.

हॉस्टेलं कुठली कुठली असतात? विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं स्वतःचं असतं. समाजकल्याण खात्याची मागासवर्गीय मुलींसाठी शासकीय वसतिगृहं असतात. आदिवासी विकास विभागाची वेगळी असतात. काही शिक्षण संस्थांची असतात, आणि शेवटी खासगी. या प्रत्येकाचा अर्ज निराळा, तारीख निराळी. शासकीय वसतिगृहात राहण्याचे पैसे पडत नाहीत, जेवणाची सोयही सरकारच करतं. तिथल्या प्रमुखाला गृहपाल म्हणतात. विद्यापीठाच्या हॉस्टेलात रेक्टर किंवा वॉर्डन असतात. कुणाला भेटायचं हे माहीत असलं की निम्मी धावपळ वाचते.

आता जागा कशी देतात ते ऐका. विद्यापीठाकडं जेवढ्या कॉट असतात त्याहून अर्ज जास्त येतात. मग यादी लावतात. यादी लावताना मार्क बघतात, आरक्षण बघतात, गाव किती लांब आहे ते बघतात. त्याच शहरात घर असलेल्या मुलीला सहसा जागा मिळत नाही. काही ठिकाणी प्रत्येक विभागाला ठरावीक कॉट वाटून दिलेल्या असतात, म्हणजे मराठी विभागाच्या मुलींची चढाओढ मराठीच्याच मुलींशी. पहिल्या यादीत नाव नसलं तर प्रतीक्षा यादी असते. काही मुली दुसरीकडं प्रवेश घेतात, काही नातेवाइकांकडं राहतात, आणि कॉट रिकाम्या होतात. म्हणून पहिल्या यादीत नाव दिसलं नाही की लगेच बोचकं बांधून घरी येऊ नये. प्रतीक्षा यादीतला नंबर लिहून घ्यावा आणि पुढची यादी कधी लागणार ते कार्यालयात विचारून यावं.

नाव लागलं की मुदत थोडी असते. तेवढ्या दिवसांत भाडं, डिपॉझिट आणि मेसचे आगाऊ पैसे भरावे लागतात. मुदत टळली की कॉट पुढच्या नंबरला जाते. इथं गटाचा उपयोग होतो. अंतर्गत कर्जातून ही रक्कम लवकर उभी राहू शकते. डिपॉझिट हॉस्टेल सोडताना परत मिळतं, पण पावती दाखवल्यावर. तेव्हा पावतीची झेरॉक्स घरात ठेवा, फोटो फोनमध्ये ठेवा.

कागद आधी तयार पाहिजेत. जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, गुणपत्रिका, आधारला जोडलेलं मुलीचं बँक खातं, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. शिवाय रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र मुलीला आणि पालकांनाही द्यावं लागतं. अनेक ठिकाणी स्थानिक पालकाचं नाव आणि फोन मागतात. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात, म्हणून दाखले काढायचं काम बारावीची परीक्षा संपली की लगेच हातात घ्या.

आता खोली. जागा मिळाली, पैसे भरले, मग खोली नंबर मिळतो. खोलीत दोघी, तिघी, कुठं चौघीही असतात. नव्या मुलींना बहुतेक वेळा जास्त कॉटच्या खोल्या मिळतात. कोण कुणाबरोबर हे बरेचदा यादीतल्या नंबरनं, नाहीतर वर्ग आणि विभाग बघून ठरतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत असं म्हटलंय, की शक्य असेल तिथं नव्या मुलांना वेगळ्या इमारतीत ठेवावं, आणि जिथं ते जमत नाही तिथं वरच्या वर्गातली मुलं त्यांच्या खोल्यांकडं जातात का यावर वॉर्डननं लक्ष ठेवावं. म्हणून आपली मुलगी तिच्याच वर्षाच्या मुलींबरोबर आहे ना, एवढं आपण विचारू शकतो. मुलीला चालायला त्रास असेल, दमा असेल, फिट येत असेल, तर ते अर्जातच लिहा आणि डॉक्टरचा कागद जोडा. खाली तळमजल्याची खोली मागायला लाजू नका.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत अर्जावरच विचारतात, रात्री कधी झोपता, खोली किती आवरून ठेवता, आवाज चालतो का. मग सवयी जुळणाऱ्यांना एका खोलीत घालतात. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी हे कुणी विचारत नाही. त्यामुळं जुळवून घ्यायचं काम मुलींनाच करावं लागतं, आणि त्याची तयारी घरातून करावी लागते.

इथं एक नाजूक गोष्ट बोलायची आहे. हॉस्टेलात सोडायला गेलेल्या आया हळूच रेक्टर मॅडमला म्हणतात, "खोलीत आपल्यातलीच मुलगी द्या हो." आपल्यातली म्हणजे काय ते आपल्याला कळतं. या मागणीमागं भीती असते, पोरीला परकं वाटू नये अशी. पण जात बघून खोली देणं नियमात बसत नाही, आणि आपण ते मागूही नये. आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिलं गेलंय. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, कारण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागाच नव्हती. पुढं १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकाच छताखाली राहिली, एका पंगतीला जेवली. त्या मुलांचं जेवण लक्ष्मीबाई वहिनी बघत. घरात धान्य सरलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्यांनी भाकरी वाढताना कुणाची जात विचारली नाही. आपण गटात एका सतरंजीवर बसतो, एका पेटीत पैसे टाकतो. मग आपल्या मुली एका खोलीत राहू शकतात. मुलीला जाताना हे घरीच सांगून पाठवा. आणि कुणी आपल्या मुलीला जातीवरून टोचून बोललं, तिचं ताट वेगळं ठेवलं, तर तिनं ते गिळू नये, लेखी तक्रार द्यावी, हेही सांगा.

पहिल्या महिन्यात काय होतं? एकीला पहाटे उठून अभ्यास लागतो, दुसरी रात्री दीडपर्यंत दिवा ठेवते. एक फोनवर मोठ्यानं बोलते. एकीचा तांब्या, तेल, साबण सगळ्यांचाच होतो. एक झाडू मारते, बाकीच्या बघतात. मुलगी रात्री फोन करून रडते, "आई, मला घरी यायचंय." अशा वेळी बाप लगेच एसटी धरतो. थांबा. आधी तिला विचारा, त्रास नेमका कशाचा आहे.

सवयीचा त्रास असेल तर तो बोलून सुटतो. पहिल्या आठवड्यातच सगळ्या जणींनी बसून चार गोष्टी ठरवाव्यात. मोठा दिवा किती वाजता बंद करायचा. झाडूची पाळी कुणाची कोणत्या वारी. कुणाची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पाहुणी आणायची तर आधी सांगायचं. गटाचे नियम आपण पहिल्या बैठकीत लिहितो ना, तसेच हे वहीच्या पानावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवावेत.

तरीही जमलं नाही तर खोली बदलून मागता येते. तोंडी सांगून उपयोग नाही. रेक्टरच्या नावानं साधा अर्ज लिहायचा: खोली नंबर, काय त्रास आहे, आधी काय करून बघितलं, काय हवंय. त्याची पोच घ्यायची. सगळे प्रवेश होऊन कुठल्या कॉट रिकाम्या आहेत ते कळल्यावर बदल्या करणं त्यांनाही सोपं जातं. दुसरी मुलगी अदलाबदलीला तयार असेल तर दोघींच्या सह्यांचा अर्ज द्यावा. परवानगी न घेता परस्पर खोली बदलू नये, नाहीतर कागदावर एक आणि खोलीत दुसरी, अशी पंचाईत होते.

पण काही गोष्टींत एक दिवसही थांबायचं नाही. रॅगिंग, मारहाण, धमकी, चोरून फोटो काढणं, अंगलट येणं. यात जुळवून घे असं मुलीला सांगू नका. रॅगिंगसाठी देशभरची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, ती रात्रंदिवस चालते. आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. लैंगिक त्रासासाठी कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्यातल्या बाईंचं नाव आणि नंबर पहिल्याच आठवड्यात मुलीनं लिहून ठेवावं.

हॉस्टेल मिळालंच नाही तर? अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींना शासकीय वसतिगृहात जागा नाही मिळाली, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये मुलीच्या खात्यावर येतात. आदिवासी मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या उत्पन्नाच्या आणि हजेरीच्या अटी असतात, त्या अर्ज भरतानाच वाचा. पैसे जमा व्हायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या काही महिन्यांची सोय आधी करून ठेवा.

एक सावधगिरी. जागा नसली की मुली मैत्रिणीच्या खोलीत गुपचूप राहतात. विद्यार्थ्यांच्या भाषेत त्यांना 'पॅरासाइट' म्हणतात. तपासणीत सापडली तर ती बाहेर जाते आणि जिनं आसरा दिला तिचीही कॉट जाते. पोरीची दया येते, पण तिला हा रस्ता दाखवू नका.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढं करा. गटातल्या कुणाची मुलगी यंदा बाहेर निघालीय त्यांची नावं लिहा. कुणाचे कोणते दाखले बाकी आहेत ते बघा. गावातली कुठली मुलगी आधीच हॉस्टेलात राहते तिला सुट्टीत बोलवा, तिला विचारा, ती खरी माहिती देईल. मुलीला सोडायला जाताना आईनंही जावं, रेक्टर मॅडमना भेटावं, खोलीतल्या बाकी मुलींची नावं विचारावीत आणि डब्यातल्या चार लाडवांतले तीन त्यांनाही द्यावेत.