मेंढपाळाची काठी

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि 'मेंढपाळ' हे रूपक तर सर्वच ख्रिस्ती पंथांच्या ओठांवर असते. शब्द मोठा जिव्हाळ्याचा आहे. चुकल्या कोकराच्या शोधात दऱ्याखोरी धुंडाळणारा, प्रसंगी लांडग्यापुढे उभा ठाकणारा असा तो मेंढपाळ. परंतु रूपक कितीही गोड असले तरी ते किती ताणावे याला मर्यादा असते. मेंढराला स्वतःचे लग्न ठरवावयाचे नसते, नोकरी पत्करावयाची नसते, आणि धनगर वाट चुकला तर तसे त्याला सांगण्याची वाचाही मेंढराला नसते. माणसाला हे सारे असते. हा भेद विसरला गेला म्हणजे धर्माच्या नावाने माणसाची केवढी कुचंबणा होते, याचा एक बोलका दाखला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घडून गेला. ती चळवळ 'शेफर्डिंग', म्हणजे 'मेंढपाळी', या नावानेच ओळखली जाते.

तिचा उगम दुष्ट हेतूतून झाला असता तर तिच्याविषयी फारसे सांगण्यासारखे उरले नसते. १९७० साली फ्लोरिडा राज्यातील फोर्ट लॉडरडेल या शहरी एका धर्मशिक्षण संस्थेच्या प्रमुखाचे वर्तन घसरल्याचे उघडकीस आले. त्या संस्थेशी संबंध असलेले चार प्रवचनकार, बॉब ममफर्ड, डेरेक प्रिन्स, चार्ल्स सिम्पसन आणि डॉन बॅशम, या प्रकाराने हादरले. गावोगाव फिरून उपदेश करणाऱ्या माणसाला विचारणारे कोणी नसते. आज त्याचे झाले ते उद्या आपलेही होईल, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी परस्परांना आपल्या आचरणाचा जाब देण्याचा करार केला. पुढे १९७४ मध्ये अर्न बॅक्स्टर हे पाचवे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. यांपैकी प्रिन्स यांचा जन्म १९१५ मध्ये बंगळूरचा. केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकलेला हा विद्वान मनुष्य. एवढ्या विचक्षण माणसालाही पुढचा खड्डा दिसू नये, हे नवल खरे.

पाच सहकाऱ्यांनी आपखुशीने केलेला करार पाच जणांपुरता निर्धोक होता. तो हजारोंना लागू झाला तेव्हा त्याचे स्वरूप पालटले. त्या काळी अमेरिकेत करिस्मॅटिक चळवळीला उधाण आले होते. पवित्र आत्म्याच्या अनुभवाने भारावलेले असंख्य तरुण कोणत्याही मंडळीचे सभासद न होता भटकत होते. त्यांना शिस्त हवी होती, आणि 'न्यू वाइन' या मासिकातून व ध्वनिफितींतून या पाच जणांनी ती देऊ केली. प्रत्येक श्रद्धावंताला एक व्यक्तिगत मेंढपाळ असावा, त्या मेंढपाळावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, अशी ती उतरंड. आणि तिच्या शिखरावर हे पाच जण. देवाचा अधिकार याच जिन्याने खाली उतरतो, सबब मेंढपाळाची अवज्ञा ती देवाचीच अवज्ञा, असा सिद्धान्त रूढ झाला. मेंढपाळाच्या अधिकाराला 'छत्र' म्हणत. जो छत्राबाहेर गेला तो सैतानाच्या वाऱ्यावर पडला.

व्यवहारात याचा अर्थ काय होत असे? एखाद्या तरुणाला परगावी बरी नोकरी मिळाली, तर ती घ्यावी की नाही हे मेंढपाळाला विचारावयाचे. कोणाशी लग्न करावे, घर विकत घ्यावे काय, हेही त्यालाच विचारावयाचे. उत्पन्नाचा दशमांश पुष्कळ ठिकाणी मंडळीच्या पेटीत न पडता थेट मेंढपाळाच्या हाती जाई. हे मेंढपाळ म्हणजे कोणी पिकल्या केसांचे अनुभवी पुरुष असत असेही नव्हे. अनेक जण स्वतःच पंचविशीतले. सल्ला आणि आज्ञा यांतील रेघ कागदावर ठळक असली तरी ज्याला आपल्या मोक्षाची चिंता लागून राहिली आहे, त्याच्या मनात ती क्षणात पुसली जाते. 'नाही' म्हणण्याची सोय तत्त्वतः होती. पण नकार देणाऱ्याला 'बंडखोर' हे नाव मिळे, आणि ते एकदा चिकटले की मित्र, शेजार, कधी बायकोसुद्धा दुरावे. कारण ही सारी नाती त्याच कळपात जुळलेली असत.

१९७५ मध्ये ओरड झाली. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध उपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी या मंडळींच्या ध्वनिफिती आपल्या प्रसारणसंस्थेत वापरण्यास बंदी केली आणि ममफर्ड यांना खरमरीत पत्र लिहिले. त्याच वर्षी मिनिआपोलिस येथे दोन्ही पक्षांची बैठक झाली, ती कडाक्याच्या भांडणात संपली. १९७६ मध्ये पाचही जणांनी खेदाचे एक निवेदन काढले; पण रचना होती तशीच राहिली. खेद व्यक्त करून यंत्र तसेच चालू ठेवणे हा सर्व संस्थांचा आवडता उपाय आहे. प्रिन्स १९८३ मध्ये बाहेर पडले. आरंभ आत्म्याने केला आणि शेवट देहबुद्धीने झाला, असा निर्वाळा त्यांनी पुढे दिला. 'न्यू वाइन' १९८६ मध्ये बंद पडले. अखेर १९८९ मध्ये ममफर्ड यांनी जाहीर क्षमा मागितली. आपल्या शिकवणुकीने विकृत व शास्त्रविरोधी आज्ञापालन फोफावले, कुटुंबे दुभंगली आणि त्यांतली काही अद्याप सांधली गेलेली नाहीत, अशी कबुली त्यांनी दिली. असे बोलण्याला धैर्य लागते, यात शंका नाही. मात्र त्या वेळी चळवळ आधीच विरली होती, आणि ज्यांची लग्ने मोडली त्यांच्या वयाची पंधरा वर्षे सरली होती.

येथे कॅथॉलिक श्रोत्याला हायसे वाटण्याचा संभव आहे: हा पंथोपपंथांचा गोंधळ, आमच्याकडे बिशप आहेत, कायदा आहे. कायदा आहे खरा, आणि तो मोठा शहाणा आहे. माणसाचे अंतःकरण जो ऐकतो त्याच्या हाती त्या माणसाची बढती, बदली वा भाकरी असू नये, हे त्याचे सूत्र. १८९० मध्ये तेरावे लिओ पोप असताना एक हुकूमनामा निघाला, कारण कित्येक मठांतील वरिष्ठ आपल्या हाताखालच्या भगिनींकडून मनातील गुपिते वदवून घेत असत. हुकूमनाम्याने त्यास बंदी केली. ही तरतूद १९१७ च्या धर्मसंहितेत आली, १९८३ च्या संहितेतही टिकली. त्याच संहितेप्रमाणे पापनिवेदनात कळलेल्या गोष्टींचा उपयोग वरिष्ठाला कारभारासाठी करता येत नाही. आणि विद्यार्थ्याला धर्मगुरुपदाची दीक्षा द्यावी की नाही, याबद्दल त्याच्या पापनिवेदकाचे मत विचारण्यासही मनाई आहे. फोर्ट लॉडरडेलच्या मेंढपाळाच्या हाती या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या. रात्री जो कबुली ऐकत असे, तोच सकाळी नोकरीचा निर्णय देत असे.

परंतु कायदा असला म्हणजे तो पाळला जातोच असे नाही. मिशिगनमधील ॲन आर्बर या गावी १९६७ साली कॅथॉलिक तरुणांनी सुरू केलेल्या 'वर्ड ऑफ गॉड' या समाजातही 'प्रमुखा'च्या अधीन राहण्याची तीच रीत रुजली, आणि १९९० च्या सुमारास तो समाज दुभंगला. त्याहून भयंकर कथा 'लीजन ऑफ क्राइस्ट' या संघाची. मार्सियल मासियल यांनी १९४१ मध्ये मेक्सिकोत तो स्थापन केला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते सर्वच संघांत असतात. येथे आणखी एक खासगी व्रत घ्यावे लागे: वरिष्ठावर कधीही टीका करावयाची नाही, आणि जो करील त्याची वर्दी द्यावयाची. एका वाक्यात सारी तटबंदी उभी राहिली. संघातून बाहेर पडलेल्या काही जणांनी मासियल यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप १९९७ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रातून उघडपणे केले. तरी वर्षानुवर्षे कोणी हलले नाही. २००६ मध्ये व्हॅटिकनने मासियल यांना एकांतात प्रार्थना व प्रायश्चित्त करण्यास सांगितले. ते खासगी व्रत सोळावे बेनेडिक्ट पोप असताना रद्द झाले. मासियल २००८ मध्ये वारले, आणि त्यांची दुष्कृत्ये खरी असल्याचे व्हॅटिकनने २०१० च्या निवेदनात मान्य केले.

या प्रकाराला 'आध्यात्मिक अत्याचार' म्हणतात. तो सिद्ध करणे कठीण. अंगावर वळ नसतो, जबरदस्तीची सही नसते; पीडिताचा स्वतःचा होकारच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सर्व श्रद्धावंतांना लिहिलेल्या पत्रात लैंगिक अत्याचाराच्या जोडीला सत्तेचा आणि सदसद्विवेकाचा गैरवापरही नमूद केला. २०२४ मध्ये या अपराधाची कायद्यात व्याख्या करता येईल काय हे पाहण्यासाठी व्हॅटिकनने एक अभ्यासगट नेमण्याचे ठरविले. त्याआधी २०२१ मध्ये व्हॅटिकनच्या एका खात्याने प्रापंचिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांसाठी नियम केला, की मध्यवर्ती कारभारातील पद एका वेळी पाच वर्षांपेक्षा अधिक आणि सलग दहा वर्षांपेक्षा अधिक कोणाकडेही राहू नये. संस्थापकांना मात्र या मर्यादेतून सूट देण्याचा अधिकार त्या खात्याने स्वतःकडे राखून ठेवला आहे.