गाण्यातला बिस्मिल्ला आणि गाण्यातला सैतान

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय गाण्यांचा आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही पालक जरा सावरून बसलेत. घाबरू नका. संगीत जायज की नाजायज, हा वाद मी आज उघडणार नाही. तो शेकडो वर्षं चालू आहे, इमाम गझालींनी समाअवर पानंच्या पानं लिहून ठेवलीत, आणि चाळीस मिनिटांत मी तो मिटवणार नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे. लोक गाजलेल्या गाण्यांत दडलेला धर्म शोधतात. तो कसा शोधतात, आणि शोधता शोधता कुठवर वाहवत जातात, ते बघू.

असा एखादा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल: क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मध्ये चक्क 'बिस्मिल्ला' आहे. आहेच. गाणं १९७५ चं, लिहिलं फ्रेडी मर्क्युरीने, आणि मधल्या ऑपेरासारख्या भागात तो शब्द स्वच्छ ऐकू येतो. इथपर्यंत ठीक. पण पुढच्याच ओळीत मेसेज म्हणतो, म्हणजे तो मनातून आपलाच होता.

आता माहिती काय आहे? फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा. घर पारशी, जन्म १९४६ चा, झांझिबारमध्ये. शिकायला त्याला आपल्या पाचगणीला पाठवलं होतं, सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये. पहिला बँडही त्याने तिथेच काढला, 'द हेक्टिक्स'. झांझिबार हा मुसलमानांची बहुसंख्या असलेला मुलूख. तिथे वाढलेल्या पोराच्या कानावर बिस्मिल्ला किती वेळा पडला असेल याचा हिशेब कशाला करायचा? आपल्या घरी 'चला, बिस्मिल्ला करा' म्हणजे जेवायला सुरुवात करा. शेजारचा गणपतवालासुद्धा ते समजतो.

आणि त्या शब्दाच्या आजूबाजूला कोण बसलंय ते बघा ना. स्कारामूश, म्हणजे इटलीच्या जुन्या नाटकांतला बढाईखोर विदूषक. गॅलिलिओ. फिगारो, हा ऑपेरातला न्हावी. बेल्झेबब, म्हणजे बायबलमधला सैतानांचा सरदार. बिस्मिल्लामुळे फ्रेडी मुसलमान ठरत असेल, तर गॅलिलिओमुळे खगोलशास्त्रज्ञ ठरायला हवा. (खगोलभौतिकीची पीएचडी त्याच बँडच्या गिटारवाल्याने, ब्रायन मेने, पुढे खरंच मिळवली. पण ती अभ्यास करून.) १९९१ मध्ये फ्रेडी गेला, तेव्हा अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केले.

या गाण्याची सगळ्यात रंगतदार तफसीर इराणमध्ये झाली. २००४ मध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट तिथे सरकारी परवानगीने निघाली. सोबत फारसीत एक पत्रक होतं. त्यातला अर्थ साधारण असा: एका तरुणाच्या हातून चुकून खून झाला, त्याने आत्मा सैतानाला विकला, आणि फाशीच्या आदल्या रात्री त्याने बिस्मिल्ला म्हणून अल्लाहला हाक मारली, तेव्हा आत्मा परत मिळाला. इकडे इंग्लंडमध्ये गीतकार टिम राइसला त्याच खुनात वेगळंच दिसलं: फ्रेडी स्वतःच्या जुन्या रूपाला, समलैंगिकता लपवणाऱ्या रूपाला, मारतोय. फ्रेडी स्वतः अर्थ सांगायला कधी तयार नव्हता. ऐकणाऱ्याने आपलं आपण ठरवावं, एवढंच त्याचं म्हणणं. मला इराणच्या पत्रकाचं कौतुक वाटतं. अर्थ ओढूनताणून लावलाय, पण निदान पूर्ण गाणं तरी वाचलंय. आणि त्या अर्थाने कुणाचं वाकडं झालं नाही, उलट गाणं लोकांपर्यंत पोचलं.

नेहमी असं होत नाही.

बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' नोव्हेंबर १९६८ चा. कॅलिफोर्नियात चार्ल्स मॅन्सन नावाचा एक माणूस आपल्या चेल्यांना घेऊन तो पुन्हा पुन्हा ऐकत असे. हातात बायबल, त्यातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण. त्याच्या नवव्या अध्यायात चार फरिश्ते आहेत, माणसाच्या चेहऱ्याचे आणि बाईसारख्या केसांचे टोळ आहेत. मॅन्सनने ठरवलं की ते फरिश्ते आणि ते टोळ म्हणजेच चार बीटल्स. अल्बममधल्या एका ध्वनिप्रयोगाचं नाव 'रेव्होल्यूशन ९', बायबलच्या त्या पुस्तकाचं नाव 'रेव्हलेशन', अध्याय नववा. झालं! 'हेल्टर स्केल्टर' या गाण्यात त्याला काळ्या-गोऱ्यांचं येऊ घातलेलं महायुद्ध ऐकू आलं. इंग्लंडच्या जत्रेत गोल गोल खाली येणारी एक घसरगुंडी असते, तिला हेल्टर स्केल्टर म्हणतात. लिव्हरपूलच्या कुठल्याही पोराने त्याला हे सांगितलं असतं. ऑगस्ट १९६९ मध्ये दोन रात्रींत सात माणसं मारली गेली. त्यात शॅरन टेट ही गरोदर अभिनेत्री होती. एका घरात फ्रिजवर रक्ताने त्या गाण्याचं नाव लिहिलेलं सापडलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने. खुनामागचा हेतू म्हणून सरकारी पक्षाने कोर्टात हीच मांडणी केली.

मॅन्सन वेडा होता म्हणून सोडून देऊ नका. त्याची पद्धत बघा. निष्कर्ष आधी ठरलेला, मग शब्द एकेक करून उचलायचे, आणि ज्याला ती भाषा येते त्याला विचारायचं नाही.

हीच पद्धत शहाण्यासुरत्या लोकांनीही वापरली. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया विधानसभेच्या एका समितीसमोर लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' उलटं वाजवलं गेलं, कारण उलट्या बाजूने त्यात सैतानाची स्तुती आहे असा आरोप होता. वोकी आणि रीड या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी मग हे तपासलं. त्यांचा निबंध १९८५ चा. त्यांनी लोकांना उलटं बोलणं ऐकवलं, त्यात बायबलचं तेविसावं स्तोत्रही होतं. बोलणारा पुरुष आहे की बाई, हे लोकांना कळलं. अर्थ काही कळला नाही. पण 'अमुक वाक्य ऐकू येतंय का बघा' असं आधी सांगितलं, की ते ऐकू यायला लागलं. घरी करून बघा. मित्राला काही न सांगता ऐकवा, मग सांगून ऐकवा.

आता आपल्याकडे येतो. आपल्यापैकी कुणी स्टेटसला उर्दू शेर ठेवला, त्यात 'काफिर' शब्द असला, तर कुणाला तरी त्यात दडलेला द्वेष दिसतो. आपण कळवळून सांगतो, अहो, गझलेत काफिर म्हणजे प्रेयसी! जिच्यापायी दीन-ईमान विसरलो ती! पूर्ण गझल वाचा, रिवाज समजून घ्या. बरोबर सांगतो आपण. मग दुसऱ्याच्या गाण्यात अर्धा शब्द ऐकून 'हे आपल्याविरुद्ध आहे' असा व्हॉइस मेसेज पुढे ढकलताना हा आग्रह कुठे जातो?

अर्थ लावायची शिस्त आपल्याकडे तर घरचीच आहे. आयत कधी उतरली, कोणत्या प्रसंगी, मागे-पुढे काय आहे, त्या काळच्या अरबीत शब्दाचा अर्थ काय, हे पाहिल्याशिवाय तफसीर होत नाही. आले इमरान सूरहच्या सातव्या आयतीत तर अस्पष्ट आयतींच्याच मागे लागणाऱ्यांबद्दल स्पष्ट इशारा आहे. गाणं म्हणजे काही कलाम नव्हे, पण एवढी मेहनत गाण्यासाठीही करता येते.

दडलेला अर्थ नसतोच, असं मी म्हणत नाहीये. एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या. वरून विंचू, आतून काम-क्रोध; आणि कुलूप लावणारा किल्लीही तिथेच ठेवतो. बीटल्सचं 'लेट इट बी' घ्या. त्यातली मेरी ही येशूची आई, असं असंख्य ख्रिस्ती श्रोते मानतात. पॉल मॅकार्टनीच्या आईचं नाव मेरी. तो चौदा वर्षांचा असताना, १९५६ मध्ये, ती कर्करोगाने गेली. पुढे ती त्याच्या स्वप्नात आली, त्यावरून हे गाणं. लोक ते प्रार्थनेसारखं म्हणतात याला त्याची हरकत नाही. इथे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सुखाने राहतात, कारण एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलेलं नाही.

आणि एक गाणं असं आहे, जिथे शोध घेत गेलात तर थेट आपल्याच अंगणात येता. 'लैला', १९७० चं, एरिक क्लॅप्टनचं. तो आपल्या मित्राच्या, जॉर्ज हॅरिसनच्या, बायकोच्या प्रेमात पडला होता, आणि त्याच सुमारास त्याच्या हाती निजामी गंजवींची लैला-मजनूची कथा आली. निजामींनी ती ११८८ मध्ये फारसीत लिहिली. त्याच अल्बममधल्या 'आय ॲम युवर्स' या गाण्याच्या श्रेयात तर निजामींचं नावच छापलंय. सूफींनी मजनूच्या वेडात शतकानुशतकं इश्क-ए-हकीकी वाचला. क्लॅप्टनला मात्र त्यात लंडनमधली एक बाई दिसली. सूफी यावर फार रागावले नसते असं मला वाटतं. त्यांचंच म्हणणं होतं की रस्ता मजाजीवरून जातो.

आता आपण तेच गाणं ऐकणार आहोत. निम्मं झाल्यावर शब्द थांबतात आणि नंतर जवळजवळ चार मिनिटं फक्त पियानो आणि गिटार आहे. संपलं समजून कुणी चहाला उठू नका. त्यानंतर प्रश्न घेऊ, मागच्या रांगेपासून सुरुवात करू.