लोकल फंडाचा आणा



लोकल बोर्डाचा इतिहास म्हटला की कायद्यांची जंत्री ऐकावी लागणार, अशी धास्ती घेऊ नका. मी फक्त एका आण्याची हकीकत सांगणार आहे. तो आणा आपल्या वाडवडिलांचा होता.

सरकारी साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड, असा कायदा मुंबई इलाख्यात १८६९ साली झाला. ज्याचा सारा १६ रुपये, त्याने वर १ रुपया भरावयाचा. यांतले दोन हिस्से रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांना आणि एक हिस्सा शाळांना. पण खर्च ठरविणारी कमिटी कलेक्टरसाहेबांची. देणारा बांधावर, वाटणारा कचेरीत! रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या विद्येवर खर्च होतो, हे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले, ते उगीच नव्हे.

१८८४ च्या कायद्याने जिल्ह्याला एक आणि दर तालुक्याला एक बोर्ड मिळाले. सोलापूर, बार्शी, माढे, करमाळे, पंढरपूर, सांगोले व माळशिरस हे आपले सात तालुके. अक्कलकोट, मंगळवेढे हा संस्थानी मुलूख. तो या हद्दीबाहेर. निम्मे सभासद लोकांनी निवडावे असे ठरले खरे, पण जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष कलेक्टर आणि तालुका बोर्डाचे प्रांतसाहेब. त्यांच्यासमोर खेड्यातला पाटील तोंड ते किती उघडणार? शिवाय मताला जमीनजुमला लागे. ज्या रस्त्यावरच्या गाड्यांना सुतार-लोहार धावा बसवी, त्या रस्त्याविषयी त्या भूमिहीन कारागिराला विचारणारा कोणी नव्हता.

१९२३ च्या कायद्यानंतर सभासदांनी निवडलेले अध्यक्ष आले. त्याच साली ४ ऑगस्टला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव पास करून घेतला: सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात. अंमल करणे बोर्डांकडे आले. हुकूम कागदावर पोचला, घागर पाण्याला पोचेना. १९२६ साली बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला, की जी बोर्डे हे करीत नाहीत त्यांचे अनुदान रोखा. बंधूंनो, येथे कलेक्टराकडे किंवा भटजीकडे बोट दाखवून भागणार नाही. काठावर उभे राहून अडविणाऱ्यांत आपलेच भाऊबंद होते, आणि बोर्डातही बसले होते.

१९३८ साली तालुका बोर्डे मोडली. पुढची चोवीस वर्षे सारा कारभार जिल्हा बोर्डाच्या हाती. करमाळ्याच्या विहिरीचा विचार व्हावयाचा तो सोलापुरात. १ मे १९६२ ला जिल्हा परिषद आली, तालुक्याला पंचायत समिती मिळाली.

ज्यांच्या घरी आजोबांचे साऱ्याचे पावतीपुस्तक असेल, त्यांनी ते उघडून पाहावे. साऱ्याबरोबर लोकल फंडाची रक्कम मांडलेली सापडेल. मग आपल्या गावातली बोर्डाची विहीर शोधावी, आणि तिच्यावर पाणी कोणी भरले व कोणाला भरू दिले नाही, हे वडीलधाऱ्यांना विचारावे.