रुग्णालय यादींतून गेलें तर

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर मागें पडलें आणि नंदुरबार अद्याप यावयाचें असलें, म्हणजे मध्यें खांडबारा हें स्थानक लागतें. साध्या तापखोकल्याची व्यवस्था गांवांत होते. पण मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, कीं गांवकऱ्यास आगगाडीचें तिकीट काढावें लागतें. एक वाट नंदुरबारची, दुसरी सुरतेची. अशा गांवांतल्या मनुष्यास आरोग्यविम्याची पॉलिसी घेतांना पहिला प्रश्न पडतो तो हाच, कीं ह्या दोन शहरांपैकीं आपल्या माहितीचें रुग्णालय कंपनीच्या यादींत आहे काय?

हा प्रश्न विचारूनच तेथील एका निवृत्त गृहस्थांनीं १० एप्रिल २०२१ रोजीं स्वतःची व पत्नीची मिळून एक पॉलिसी घेतली. गृहस्थांना मधुमेह, आणि पत्नीचे दोन्ही गुडघे झिजलेले. अर्जांत दोन्ही गोष्टी त्यांनीं प्रामाणिकपणें नमूद केल्या. पूर्वींच्या आजारासाठीं प्रतीक्षेचा जो काळ पॉलिसींत सांगितलेला असतो, तो त्यांनीं निमूटपणें काढला. पेन्शनींतून वर्षाचा हप्ता बाजूला ठेवला. अखेर शस्त्रक्रिया उरकून घ्यावी असें ठरलें, आणि २०२५ च्या जानेवारींत कळलें कीं तें रुग्णालय कंपनीच्या यादींतून निघालें आहे.

विम्याचीं कामें करणारा एक ओळखीचा तरुण घरीं आला. तो म्हणाला, "काका, ही पॉलिसी सोडून द्या. दुसऱ्या कंपनीची नवी घ्या. तिच्या यादींत तुमचें रुग्णालय आहे, आणि हप्ताही थोडा कमी बसतो. काकूंच्या गुडघ्याचें मात्र अर्जांत लिहूं नका, म्हणजे झालें." गृहस्थांनीं चष्मा लावला, सहीसाठीं कागद पुढें ओढला. तेव्हां आंतून पत्नीनें विचारलें, "अहो, मग आपण इतकीं वर्षें भरलें, त्याचें काय?"

त्या माउलीचा प्रश्न अगदीं मुद्द्याचा होता. त्याचें उत्तर समजून घेण्यासाठीं प्रथम ही यादी म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. विमा कंपनी व रुग्णालय यांच्यांत उपचारांच्या दरांचा करार होतो. असा करार असलेल्या रुग्णालयांत रोग्यास बिल भरावें लागत नाहीं. कंपनी तें परस्पर चुकतें करते. यालाच कॅशलेस म्हणतात. दरांवरून किंवा थकलेल्या रकमेवरून दोघांचें बिनसलें, कीं करार संपतो. त्या करारांत विमा घेणारा कोठेंच नसतो. म्हणून त्याचें मत कोणी विचारीत नाहीं.

परंतु यादींतून रुग्णालय गेलें म्हणजे पॉलिसी मेली, असें मुळींच नाहीं. रुग्णालय नोंदणीकृत असेल आणि पॉलिसींतील व्याख्येंत बसत असेल, तर बिल आधीं स्वतः भरून तें मागाहून कंपनीकडून मागतां येतें. शिवाय जानेवारी २०२४ मध्यें जनरल इन्शुरन्स कौन्सिलनें 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' ही सोय जाहीर केली. तिच्याप्रमाणें ठरलेल्या शस्त्रक्रियेची सूचना निदान ४८ तास आधीं, आणि तांतडीच्या प्रसंगीं दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आंत कंपनीस दिली, तर यादीबाहेरील रुग्णालयांतही कॅशलेसची मागणी करतां येते. अर्थात् रुग्णालयाची त्यास तयारी हवी. येथें एक भेद मात्र विसरूं नये. यादींत नसलेलें रुग्णालय वेगळें, आणि कंपनीनें मुद्दाम वगळलेलें रुग्णालय वेगळें. वगळलेल्या रुग्णालयाचें बिल, जिवावरचा प्रसंग सोडल्यास, कंपनी सहसा देत नाहीं. कांहीं पॉलिसींत यादीबाहेर गेल्यास बिलाचा ठराविक हिस्सा रोग्यानें सोसावा, अशीही अट असते. म्हणून पहिलें काम एकच: कंपनीस लेखी विचारावें, आणि उत्तर लेखीच घ्यावें.

एवढें करूनही कंपनी बदलावीशी वाटली, तर तिचाही राजमार्ग आहे. १ ऑक्टोबर २०११ पासून आपल्या देशांत पोर्टेबिलिटीची सोय झाली. नव्या कंपनीकडे जातांना जुन्या पॉलिसींत काढलेली प्रतीक्षेचीं वर्षें बरोबर नेतां येतात. विम्याची रक्कम वाढविली, तर वाढीव रकमेपुरती प्रतीक्षा पुन्हां सुरू होते. जुन्या रकमेस तिची बाधा होत नाहीं. याउलट जुनी पॉलिसी सोडून कोरी नवी घेतली, म्हणजे मागची कमाई बुडाली. १ एप्रिल २०२४ पासून पूर्वींच्या आजारासाठीं प्रतीक्षा जास्तींत जास्त ३ वर्षांची ठेवतां येते, हें खरें. पण साठी ओलांडलेल्या गुडघ्यांस तीन वर्षें म्हणजे थोडा काळ नव्हे. आणि आजार लपविला, तर ऐन वेळीं दावा नाकारण्यास कंपनीच्या हातीं आपणच कारण दिल्यासारखें होतें. खोट्या अर्जाची शिक्षा लिहावयास सांगणाऱ्यास होत नाहीं, सही करणाऱ्यास होते.

पोर्टेबिलिटीस वेळेचें बंधन आहे. नूतनीकरणाच्या तारखेपूर्वीं ६० दिवसांच्या आधीं नाहीं आणि ४५ दिवसांहून उशिरां नाहीं, अशा बेतानें अर्ज करावा, असें पॉलिसीपत्रांत सामान्यतः लिहिलेलें असतें. खांडबाऱ्याच्या दांपत्याची तारीख १० एप्रिल; म्हणजे त्यांना ९ ते २४ फेब्रुवारी एवढाच अवकाश होता.

जिकडे आपलीं मुलें नोकरीनिमित्त स्थायिक झालीं आहेत, त्या अमेरिकेंतही हें दुखणें आहे. तेथें ६५ वर्षांवरील लोकांसाठीं मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. तिचा कायदा १९६५ चा. रोजच्या औषधांचा विमा तींत २००६ पासून आला. नेहमीचें औषधांचें दुकान वर्षाच्या मध्येंच यादींतून गेलें, तर केवळ तेवढ्यावरून योजना बदलण्याचा हक्क सहसा मिळत नाहीं. यादींतल्या दुसऱ्या दुकानीं जावें, आणि १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ह्या ठरलेल्या काळांत पुढील वर्षाची योजना निवडावी, अशी रीत आहे. तेथें सर्व वृद्धांना मुदतीची एकच घंटा ऐकूं येते. आपल्याकडे प्रत्येक पॉलिसीची तारीख निराळी, म्हणून ती आपली आपणच लक्षांत ठेवावी लागते.

सही तशीच राहिली. गृहस्थांनीं १२ फेब्रुवारीस दुसऱ्या कंपनीकडे रीतसर अर्ज केला आणि मधुमेह व गुडघे दोन्ही लिहिले. कंपनीनें नकार दिला! वय व आजार पाहून नाहीं म्हणण्याचा अधिकार नव्या कंपनीस असतो. पोर्टेबिलिटी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. पण होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडावयाची नाहीं, हें पथ्य त्यांनीं पाळलें होतें. मुदतीच्या आंत हप्ता भरून त्यांनीं ती चालू ठेवली. कॅशलेसला रुग्णालय तयार झालें नाहीं, तेव्हां बँकेंतील ठेव मोडून बिल भरलें, मूळ पावत्या, तपासण्यांचे अहवाल व डिस्चार्जचा कागद जपून कंपनीकडे पाठविले. कंपनीनें किरकोळ बाबी कापल्या आणि बाकीची रक्कम दिली. ठेवीवरचें कांहीं व्याज बुडालें. पण बाईंचे गुडघे झाले.

सरकारी योजनांचा आधार वेगळा आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचें संरक्षण २०२४ मध्यें वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंत वाढलें, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ७० वर्षांवरील सर्वांसाठीं आयुष्मान भारत योजना खुली झाली. खाजगी विमा असलेल्यांनाही ती मिळते. तरी तेथेंही रुग्णालयांची यादी आहेच, आणि ती निघण्यापूर्वीं पाहिलेली बरी.

रुग्णालयाचा करार दुसऱ्यांच्या हातचा. तो आज आहे, उद्यां नाहीं. प्रतीक्षेचीं वर्षें मात्र आपण स्वतः भरलेलीं आहेत, आणि तीं आपल्या हातानें टाकल्याखेरीज सहसा जात नाहींत. तेव्हां ज्यांच्या घरीं अशी पॉलिसी आहे, त्यांनीं आज रात्रीं ती कपाटांतून काढावी, नूतनीकरणाची तारीख पाहावी, तिच्यामागें साठ दिवस मोजावे, आणि त्या दिवसाभोंवतीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक वर्तुळ काढून ठेवावें.